प्रयोगवहीतले सत्य

विज्ञान आणि तंत्रज्ञान हे दोन शब्द अलीकडे आपण नेहमी जोडीनेच उच्चारतो. सभासंमेलनांतील भाषणे असोत, शिक्षणखात्याची परिपत्रके असोत, की शाळेच्या वार्षिक अहवालातील मुख्याध्यापकांचे निवेदन असो. भाजीपाला किंवा दाणापाणी म्हणावे तितक्या सहजपणे 'विज्ञान-तंत्रज्ञान' असे म्हटले जाते आणि या दोहोंमुळे मुलांचे शिक्षण कसे सुधारणार आहे याची ग्वाही दिली जाते. ती ग्वाही खोटी आहे असे मला म्हणायचे नाही. परंतु पुष्कळ वर्षे शाळेत काढल्यावर माझ्या मनात एक शंका घर करून बसली आहे. ही दोघे एकाच घरची खरी. पण वर्गात आल्यावर ती मुलाला एकाच दिशेने नेतात का? विज्ञान मुलाला सांगते, 'नुसता विश्वास ठेवू नकोस, स्वतः पाहून घे.' तंत्रज्ञान बहुधा सांगते, 'पाहत कशाला बसतोस? विश्वास ठेव, मी आहे.' या दोन उपदेशांपैकी मुलाने कोणता आणि केव्हा ऐकावा, हा प्रश्न वरवर पाहता अध्यापनपद्धतीचा दिसतो. मला तो नीतीचा वाटतो. तो तसा का वाटतो हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

माझा अधिकार मोठा नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या नावापुढे पदवी नाही. मी शाळेत मराठी शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. विज्ञान हा माझा विषय नव्हे. पण लहान शाळेत विषयांच्या भिंती फार उंच नसतात. एखादे शिक्षक रजेवर गेले की त्यांचा तास ज्याला मोकळीक असेल त्याने घ्यायचा, हा रिवाज आहे. आणि या रिवाजामुळे, प्रयोगशाळा असे नाव असलेल्या आमच्या एका खोलीशी माझा बराच परिचय झाला आहे.

कादंबरी लिहिणारा माणूस खोटे रचण्यात मुरलेला असतो. म्हणूनच की काय, दुसऱ्याने रचलेले खोटे त्याच्या लवकर लक्षात येते. मुलांच्या प्रयोगवह्या मी प्रथम चाळल्या तेव्हा असे दिसले की, तीस वह्यांतील तीसही प्रयोग अगदी तंतोतंत जमले आहेत. कोणाचा लंबक अर्ध्या सेकंदाने मागे नाही, कोणाच्या तराजूत एक ग्रॅम इकडचे तिकडे नाही. खऱ्या आयुष्यात असे घडत नाही, आणि बऱ्यापैकी कादंबरीतही घडत नाही. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. गेल्या वर्षीच्या मुलांच्या वह्या या वर्षीच्या मुलांकडे वारसाहक्काने येतात. उत्तर आधीच माहीत असते; त्या उत्तराला शोभतील अशा नोंदी मागाहून भरल्या जातात. यात मुलांना काही गैर वाटत नाही. परीक्षेत कॉपी करणे वाईट हे त्यांना ठाऊक आहे. पण प्रयोगवही ही सजवण्याचीच वस्तू आहे, अशी त्यांची अगदी निरागस समजूत असते. कादंबरी निदान आपण कादंबरी आहोत हे मुखपृष्ठावर सांगून टाकते. प्रयोगवहीत त्या नोंदींच्या वर 'निरीक्षणे' असा मथळा असतो.

एकदा आठवीच्या वर्गाला पाण्याचा उत्कलनांक काढायचा होता. आमचे गाव घाटमाथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. स्पिरिटच्या दिव्यावर चंचुपात्र ठेवले, तापमापी लावली, पाणी खळखळू लागले आणि पारा ९८ अंशांवर येऊन थांबला. पाच मिनिटे झाली तरी तो पुढे सरकेना. मुलांनी एकमेकांकडे पाहिले आणि मुकाट्याने वहीत १०० लिहिले. एक मुलगी मात्र पेन हातात धरून तशीच बसून राहिली.

"सर," ती म्हणाली, "इथं तर अठ्ठ्याण्णवच दिसतंय. लिहू का तेच?"

तिचा प्रश्न 'असे का' हा नव्हता. डोळ्यांना दिसले ते लिहायला ती परवानगी मागत होती. आठ वर्षे शाळेत बसलेल्या मुलीला यासाठी परवानगी मागावीशी वाटते, यावरून आपण तिला आतापर्यंत काय शिकवले असेल, त्याचा अंदाज येतो.

मी म्हणालो, "दिसतं ते लिही. त्याच्या खाली लिही की पुस्तकात १०० आहे. आणि त्याच्याही खाली लिही, असं का?"

तापमापीच बिघडली असेल, असे एका मुलाने सुचवले. शंका रास्त होती, म्हणून दुसरी तापमापी लावली. तीही जवळपास तेथेच थांबली. मग त्याच मुलीला काही आठवले. तिचे वडील फौजेत आहेत. ते लेहला होते, आणि तिकडे कुकरवाचून डाळ शिजता शिजत नाही असे घरी सांगत. "त्याचा नि ह्याचा काही संबंध असंल का, सर?" असे तिने विचारले. संबंध होता. उंचावर हवेचा दाब कमी असतो, आणि दाब कमी तसे पाणी लवकर उकळते. साधारणपणे दर ३०० मीटर उंचीला एक अंश कमी, असा ढोबळ हिशेब आहे. ३,५०० मीटर उंचीवरच्या लेहला पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळू लागते. आमच्या ६०० मीटरांना दोन अंश. पारा आपले काम चोख करत होता. पुस्तकही खोटे बोलत नव्हते. सामान्य वायुदाबाची अट त्यात असते. पाठांतराच्या ओघात ती गळून पडते आणि नुसते १०० तेवढे हाती राहतात.

तास संपताना मुलीने विचारले, "परीक्षेत काय लिहू?" मी सांगितले, "समुद्रसपाटीला १०० असं लिही. ते खरं आहे. तुझ्या वहीतले ९८ पण खरे आहेत." तिचे समाधान झाले. तपासणाऱ्याचे होईल की नाही, हे मला सांगता आले नसते.

आता कोणी म्हणेल, एवढ्यासाठी पाणी तापवत बसायची गरजच काय? २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी नावाचे बोलते यंत्र आले आणि त्याच्यामागून तशीच आणखी आली. आता मराठीत विचारले तरी ती मराठीत उत्तर देतात. पाणी किती अंशाला उकळते, असे मोबाइलला विचारले तर तो वायुदाबाची अट न विसरता सांगतो, लेहच्या डाळीचेही सांगेल, आणि 'असे का' याचे कारणही समजावील. म्हणजे पाठांतर करणाऱ्या मुलापेक्षा यंत्राचे उत्तर अधिक पूर्ण आहे. मग त्या मुलीने अर्धा तास खर्चून जे मिळवले, ते दुसऱ्या मुलाला अर्ध्या मिनिटात मिळाले, इतकाच काय तो फरक?

या आक्षेपाला टाळून पुढे जाता येणार नाही. कारण यंत्र चुकते म्हणून ते वाईट, असा युक्तिवाद फार दिवस टिकणारा नाही. यंत्रे सुधारत जातात. यंत्राचे उत्तर पूर्णपणे बरोबर आहे असे धरून चालू, आणि मग विचारू की मुलाजवळ काय कमी राहिले.

आपल्या नैयायिकांनी ज्ञानाची चार साधने सांगितली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे विश्वासू माणसाचे सांगणे. हे चौथे साधन त्यांनी टाकाऊ मानले नाही, आणि ते योग्यच केले. आपल्या जन्माची तारीखसुद्धा आपल्याला दुसऱ्याच्या शब्दावरूनच कळते. मात्र ज्याचा शब्द मानायचा तो 'आप्त' कसा असावा, याचा त्यांनी बारकाईने विचार केला. त्याने ती गोष्ट स्वतः नीट जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशी सांगण्याची त्याची इच्छा असावी. जाणणे आणि खरे सांगण्याची इच्छा, अशा या दोन अटी आहेत. लेहहून आलेला फौजी बाप या दोन्ही अटींना उतरतो. त्याने न शिजलेली डाळ खाल्लेली आहे, आणि लेकीला फसवण्याचे त्याला कारण नाही. बोलत्या यंत्राने डाळ पाहिलेली नाही, तापमापी धरलेली नाही. माणसांनी लिहून ठेवलेल्या अफाट शब्दराशीतून कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द यावा हे ते शिकले आहे. त्याचे उत्तर बरोबर असू शकते, पुष्कळदा असते. पण साक्षीदार म्हणून त्याला पिंजऱ्यात उभे करता येत नाही. म्हणून त्याचा शब्द घेताना पडताळ्याची जबाबदारी घेणाऱ्यावर पडते. आणि पडताळा कसा घ्यायचा हे त्यालाच कळणार, ज्याने कधीतरी एकदा पारा ९८ वर थांबलेला पाहिला आहे आणि दुसरी तापमापी मागवली आहे. मुलाजवळ कमी पडते ते हे. उत्तर दोघांपाशी सारखेच असले, तरी एकाला ते कशाच्या आधारावर उभे आहे हे माहीत असते. दुसऱ्याला फक्त ते कोणी सांगितले एवढेच माहीत असते.

यावरून मी यंत्रांचा वैरी आहे असे कोणी समजू नये. जुन्या गोष्टी गेल्या म्हणून गळा काढण्याची आपल्या शिक्षकवर्गाला सवय आहे. आमच्या वडीलधाऱ्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी मुखोद्गत असे, आणि आजच्या मुलांना साधे एकोणतीसचे पाढे येत नाहीत, म्हणून ते हळहळत. पण १९५७ साली दशमान नाणी आली, पुढच्या काही वर्षांत मेट्रिक वजने-मापे आली, आणि शेर-मण व आणे-पैचा हिशेबच उरला नाही, तेव्हा पावकी-निमकीचे प्रयोजनही संपले. त्यात मुलांची बुद्धी बुडाली असे मला दिसत नाही. हत्यार बदलले की काही सवयी जायच्याच.

शिवाय ती तापमापी तरी काय आहे? तीही तंत्रज्ञानाचीच देणगी आहे. ती नसती, तर पाणी 'खूप' तापते याच्यापलीकडे आम्हाला काही कळले नसते. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत आपली दुर्बीण गुरूकडे वळवली तेव्हा त्याला ग्रहाजवळ काही ठिपके दिसले. दुसऱ्या रात्री त्यांची जागा बदललेली होती. रात्रीमागून रात्री तो त्यांची चित्रे काढत गेला, आणि ते गुरूभोवती फिरणारे चार चंद्र आहेत या निष्कर्षाला आला. आकाशातील सर्व काही पृथ्वीभोवती फिरते असे त्या काळची ग्रंथसंपदा सांगत होती. गॅलिलिओने दिसले ते काढले. त्याच्या वहीत आणि आमच्या मुलीच्या वहीत योग्यतेचे अंतर जमीनअस्मानाचे आहे. पण जात एकच आहे.

तेव्हा प्रश्न यंत्र असावे की नसावे हा नाही. काही यंत्रे मुलाला वस्तूपर्यंत पोहोचवतात. दुर्बीण, सूक्ष्मदर्शक, तापमापी ही त्या प्रकारची. काही यंत्रे मूल आणि वस्तू यांच्यामध्ये येऊन बसतात आणि वस्तूची खबर तेवढी आत पाठवतात. एकच यंत्र दोन्ही कामे करू शकते, ही यातली खरी अडचण आहे. अंध मुलाला पुस्तक वाचून दाखवणारा संगणक त्याला पुस्तकापर्यंत नेतो. डोळस मुलाला धड्याचा सारांश काढून देणारा तोच संगणक त्याला पुस्तकापासून दूर ठेवतो. सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा जागतिक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून त्यातून मुलांना धड्यापलीकडचे पाहता-ऐकता यावे, अशी त्यांची खटपट होती. कोपऱ्यातल्या खेड्यातील मुलीला हे मिळत असेल, तर ते नाकारणारा मी कोण? त्याच २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा ज्याच्या घरी मोबाइल त्याची शाळा चालू आणि ज्याच्या घरी नाही त्याची बंद, असा न्याय झाला, हेही आपण पाहिले. साधन सर्वांना मिळावे ही पहिली मागणी आहेच. मिळालेल्या साधनाने मुलाचे काय करावे, हा तिच्यानंतरचा प्रश्न. पण तो आपण बहुधा विचारतच नाही.

हा प्रश्न ज्यांनी नीट विचारला, अशा एका प्रयोगाची आठवण देण्यासारखी आहे. मध्यप्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात, ज्याला आता नर्मदापुरम म्हणतात, तेथे १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १६ माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याची निराळी रीत सुरू केली. मुलांनी चार-चारांच्या टोळ्या करून स्वतः प्रयोग करायचे, दिसेल ते लिहायचे, मग सर्वांनी मिळून चर्चा करायची. साहित्य स्वस्त. कानपूरच्या आयआयटीतून अभियंता झालेले अरविंद गुप्ता १९७८ साली पुण्याच्या कारखान्यातून रजा काढून तेथे गेले, आणि आगपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून भूमितीच्या आकृत्या करायला त्यांनी मुलांना शिकवले. पुढे एकलव्य या संस्थेने ते काम वाढवले. ते सुमारे १,००० शाळांपर्यंत पोहोचले. आणि २००२ साली सरकारने ते बंद केले.

त्या प्रयोगातील एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. परीक्षेला मुलांनी आपली पुस्तके आणि वह्या खुशाल बरोबर न्याव्यात, अशी मुभा होती. पुस्तक उघडे असल्यावर पुस्तकातले विचारण्यात अर्थ राहत नाही. मग विचारावे लागते ते विचार करायला लावणारेच. आज बोलत्या यंत्रांमुळे गृहपाठ बुडाले, निबंध बुडाले, प्रकल्पवह्या बुडाल्या म्हणून आपण ओरड करतो. परंतु जी परीक्षा उघड्या पुस्तकाने मोडते, तीच यंत्राने मोडली आहे. यंत्राने नवे पाप आणले नाही. आपण माहितीला ज्ञान समजून गुण देत होतो, ते तेवढे उघडे पाडले. याबद्दल त्याचे थोडे आभारही मानायला हरकत नाही.

पण मी या प्रश्नाला नीतीचा प्रश्न का म्हणतो, ते अजून सांगायचे आहे. १९७६ साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने आपल्या राज्यघटनेत नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घालण्यात आली. त्यांत वैज्ञानिक दृष्टी, मानवता आणि चौकसपणा व सुधारणा यांची वृत्ती वाढवणे हेही एक कर्तव्य आहे. आपण त्याचा अर्थ असा करतो की, मुलाने गंडेदोऱ्यांवर विश्वास ठेवू नये. तो अर्थ बरोबरच आहे, पण अपुरा आहे. ग्रहणात काही खाऊ नये असे आजीने सांगितले म्हणून मानणारे मूल आणि पाणी १०० अंशांना उकळते असे सरांनी सांगितले म्हणून समोरचा पारा नाकारणारे मूल, ही दोघे मनाने फार लांबची नाहीत. एकीकडे अंधश्रद्धा आजीवर आहे, दुसरीकडे ती पुस्तकावर आहे, आणि उद्या ती यंत्रावर असेल. श्रद्धास्थान बदलल्याने दृष्टी वैज्ञानिक होत नाही.

आणि हे मूल मोठे होते. डोळ्यांसमोर ९८ असताना १०० लिहिण्याची सवय लागलेला मुलगा उद्या सरकारी नोकरीत लागतो आणि जागेवर न जाता मोजमाप पुस्तकात बंधाऱ्याची लांबीरुंदी भरतो. शेतात पाऊल न टाकता पिकाची पैसेवारी ठरवतो. पंचनाम्यावर पंच म्हणून न वाचता सही करतो. त्याला लाच मिळालेली असेलच असे नाही. वर जो आकडा अपेक्षित असतो तो खाली लिहायचा असतो, एवढेच तो शाळेत शिकलेला असतो. त्या बंधाऱ्याखाली कोणाची तरी जमीन असते आणि त्या पैसेवारीवर कोणाची तरी चूल अवलंबून असते. भ्रष्टाचाराची कारणे सांगताना आपण लोभाचे नाव घेतो. मला वाटते, त्याच्या आधी प्रयोगवहीचे नाव घ्यावे. खोटे लिहिण्याचा पहिला, कोणालाही न बोचणारा धडा तेथे गिरवला जातो, आणि तोही सत्याचा शोध घेणाऱ्या विषयाच्या तासाला.

म्हणून शिक्षणात विज्ञानाचे स्थान कोणते असे कोणी विचारले तर मी म्हणेन, दिसले ते लिहिण्याचे धैर्य मुलाला देणे, आणि दिसले त्यावरही दुसरी तापमापी लावून पाहण्याइतकी नम्रता देणे. तंत्रज्ञानाचे स्थान त्या धैर्याच्या हाताखाली आहे. त्याने मुलाचे डोळे लांब करावेत, कान तीक्ष्ण करावेत, कंटाळवाणे कष्ट वाचवावेत. मुलाऐवजी पाहण्याचे आणि मुलाऐवजी ठरवण्याचे काम मात्र त्याच्याकडे देऊ नये. कारण ते काम न करता मूल माहीतगार होईल, शहाणे होणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मुले घरी आहेत, तेव्हा एक साधा उद्योग सुचवतो. त्याला खर्च काही नाही. अंगणात, गच्चीवर, ऊन येईल अशा सपाट जागी एक काठी सरळ उभी करावी आणि साडेअकरापासून पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी तिच्या सावलीच्या टोकाला खडूने खूण करावी. भर दुपारी बारा वाजता सूर्य सर्वांत उंच असतो आणि सावली सर्वांत लहान, असे आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मुलाने खुणा मोजाव्यात आणि सर्वांत आखूड सावली किती वाजता पडली ते घड्याळात पाहावे. मुंबई-पुण्याकडे राहणाऱ्यांना थोडे आश्चर्य वाटेल. नागपूरच्या मावशीकडे फोन करून तिथल्या भावंडाची वेळ विचारली तर आणखी वाटेल. आणि हाच उद्योग फेब्रुवारीत पुन्हा केला तर सर्वांत जास्त वाटेल. आपले घड्याळ १९०६ पासून ८२.५ अंश रेखांशाच्या वेळेवर चालते, आणि दर रेखांशाला चार मिनिटांचे अंतर पडते, एवढा धागा वडिलांनी हाती द्यावा. फेब्रुवारीचे कोडे मात्र देऊ नये. ते मुलाने आधी स्वतः पाहावे, चार दिवस डोके खाजवावे, आणि मग हवे तर मोबाइललाही विचारावे. तेव्हा त्याच्याजवळ स्वतःची वही असेल, आणि यंत्र काय सांगते ते तो तिच्याशी ताडून पाहील.